सीताफळाचे राखणदार

तोआ पायोह, सिंगापूर
१८ जून २०२५

चि. राजस,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा, कारण महिनाभर तुझा आवाज नाही. आम्ही बरे आहोत. बाबांची शुगर ठीक, जीभ तशीच. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू नुसता अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून हे पत्र.

बातमी तुझ्या सीताफळाची आहे. शाळेत असताना टेक्का मार्केटमधून आणलेलं फळ खाऊन कम्युनिटी गार्डनमध्ये बी पुरली होतीस ना, ते झाड आता बाबांपेक्षा उंच झालंय. तू चांगीतली बँक सोडून अमेरिकेच्या डोंगरात हेमलॉकची झाडं किडीपासून वाचवायला गेलास, तेव्हापासून त्याला पाणी बाबाच घालतात. विचारलं तर म्हणतात, "व्यायाम होतो."

यंदा त्यावर पिठ्या ढेकूण पडला. फांद्यांवर, फळांवर पांढरा कापूस. रस शोषून शोषून पानं गळायला लागली. शेजारच्या भेंडीवरही पसरला, तेव्हा गार्डन बघणाऱ्या लिम आंटी म्हणाल्या, "अंकल, संडेपर्यंत क्लीन नाही तर मस्ट कट लाह." बाबांचं तोंड एवढंसं झालं. रोज साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक फांदी घासायला लागले. आपल्या घरातला कुकर घासताना हा माणूस कधी दिसला नाही!

शनिवारी आम्ही बघतो तर काय, काही ढेकूण दुप्पट मोठे, अंगावर लांब झिपऱ्या. "संपलं," बाबा म्हणाले. रागानं एकाला ब्रश लावणार, तोच तो पळाला. अरे, चक्क तुरुतुरु! पिठ्या कधी असा पळतो का? बाबांनी पेपर वाचायचं भिंग लावलं आणि मला हाक मारली. मीही वाकले. ती पांढरी झिपरी दुसऱ्या ढेकणाला धरून खात होती. तिच्या बाजूला आणखी एक, पलीकडे आणखी.

मग मला आठवलं. तूच फोनवर सांगितलं होतंस, काही भुंग्यांच्या अळ्या ज्याला खातात त्याच्याच वेशात फिरतात म्हणून. म्हणजे आठवडाभर बाबा राखणदारांनाच घासून काढत होते!

त्यांना कोणी आणलं? कोणीच नाही. एवढ्या इमारतींत त्यांना हे एकच झाड सापडलं कसं? माझ्या अंगावर काटा आला रे. लिम आंटींच्या हातात भिंग दिलं, तर "वाह लाऊ" म्हणत थक्क होऊन त्याही फांदीवर वाकल्या. झाड कापलं नाही. कालपासून नवी पालवी दिसतेय.

बाबा तिथून हलत नाहीत. "झाडाच्या उवा मारायला एवढं शिकलास?" असं ज्या तोंडानं तुला बोलले, त्याच तोंडानं काल म्हणाले, "केवढं मोठं काम आहे गं हे. राजस असता तर सगळं समजावून सांगितलं असतं." तू गेल्यापासून तुझं नाव पहिल्यांदा घेतलं त्यांनी. मग उगाच भिंग पुसत राहिले. तुम्हा बापलेकांचं हे भिजत घोंगडं आता वाळत घाला. मी दमले.

पत्र पाकिटात घालायच्या आधी त्यांनी मागून घेतलं. खाली काही खरडलंय, मी वाचलेलं नाही. (वाचलंय.)

तुझी
आई

राजस, फोन लावला होता, रिंग जायच्या आत ठेवला. या अळ्या अजून किती दिवस राहतात? तेवढ्यात तुला सुट्टी मिळेल का? भिंग एकच आहे, आळीपाळीनं बघू.
— बाबा