चांद, गणित अन् माही नामंजूर साक्ष

पुसद, ता. २३ मार्च १९६१

जिवलग घनश्याम,

मोहिउद्दीन घड्याळजीचा तुले सलाम, वहिनीसाहेबायले अदब, लेकरायले प्यार. तुही कंबर आता कशी आहे? (मागच्या पत्रात तू कंबरेवर दीड पान लिहिलं, ते मी दोनदा वाचलं. तवा हे पत्र तू एकदा तरी पुरं वाचशील, एवढा माहा हक्क आहे.) तुह्या अमरावतीच्या शाळेतली पोरं गणितात पास होऊन राह्यली असतीन. इकडे बायको खैरुनबी बरी, लेक मलिका बरी, अन् सासूबाई रमजानसाठी म्हणून महिनाभर आधीच आल्या त्या सर्वांत बऱ्या. माहं मात्र विचारू नको बाप्पा. मी संपलो.

दिवाळीत तू ती तीन पुस्तकं माह्या हाती ठेवली, बीजगणित, त्रिकोणमिती अन् ताऱ्यायचं ते जाडं पुस्तक, तवाच मी म्हटलं होतं की मी सातवी पास माणूस, मले हे झेपत नाही. तू म्हणाला, अबे, तू बारीकसारीक घड्याळं खोलतो अन् परत जोडतो, तुले काय अवघड आहे! घनश्याम, आभाळाले स्क्रू नाही रे. कुठून खोलू? पहिला महिना तर नुसता क्ष शोधण्यात गेला. एका गणितात सापडला की दुसऱ्यात पुन्हा हरवलेला. मग ज्या अन् कोज्या आल्या, मग लॉगरिथमचा तक्ता आला, त्याचं नेमकं पाहिजे ते पान उंदरानं खाल्लेलं. (उंदीर तुह्या घरचा. माह्याकडे आलं तवाच पान नव्हतं.) ताऱ्यायच्या पुस्तकात लिहिलं आहे की तिकोनी काचेतून उजेड फोडला की तारा कशाचा बनला ते कळते. म्हणून मी सासूबाईच्या जुन्या काचेच्या हंडीदिव्याचा एक लोलक काढला अन् तीन दिवस सांजच्याले अंगणात मान वर करून उभा राह्यलो. तारा कशाचा बनला ते कळलं नाही, मान मात्र अजून डावीकडे वळत नाही. सासूबाईनं लेकीले विचारलं म्हणे, की बाई, हा माणूस लग्नातही असाच होता का?

तवाच सोडलं असतं तर आज सुखी असतो. पण रमजान आला. मागच्या साली आमच्या मोहल्ल्यात चांदावरून अशी बोलाचाली झाली होती की सख्खे भाऊ ईदेले गळाभेट न घेता घरी गेले. मले वाटलं, आपण एवढं शिकलो, ते लोकायच्या कामी काहून लावू नये? शेजारच्या सदाशिवराव जोशीबुवाचं पंचांग मागून आणलं. त्यातली मागची अमावस्या घेतली, तीत एकोणतीस दिवस, बारा तास, चव्वेचाळीस मिनिटं मिळवली. पुढची अमावस्या त्याच पानावर छापलेली होती, ती हातानं झाकून ठेवली, नाहीतर नक्कल केली असं व्हायचं. उत्तर काढलं, हात काढला, तर फरक फक्त दोन तासांचा! पंचांग दोन तास पुढं पळून राह्यलं, असा मी निकाल दिला. (बुवाले सांगितलं नाही. बुवा मनाले लावून घेतात.) त्या खुशीत मले रोज्याची भूकही कळली नाही. माह्या हिशेबानं एकोणतिसाव्या रोज्याले, शुक्रवारी, सूर्य बुडताना चांद सोळा तासांचा होत होता, अन् पुस्तकात लिहिलं होतं की इतका कोवळा चांद तेज नजरेच्या माणसाले कदाचित दिसते. तो 'कदाचित' मी वाचला होता. हिशेबात धरला नाही, एवढंच.

आठ दिवस मी तोंड बंद ठेवलं नाही. जो दुकानात आला त्याले सांगितलं, शुक्रवारी चांद, शनिवारी ईद. अय्यूब दर्जी चाबी भरून घ्यायले आला, त्याले तर कागदावर मांडून दाखवलं. तुले ठाऊक आहे, वीस वर्षं झाली, पुसदमध्ये कोणाच्याही घड्याळात फरक पडला की लोक माह्या दुकानाशी येऊन काटे लावतात. मोहिउद्दीन म्हणते म्हणजे तेवढेच वाजले, ही माही कमाई. ती सारी मी एका चांदावर लावून बसलो.

शुक्रवारी आम्ही माडीवर चढलो. मी, खैरुनबी अन् सासूबाई. आता नियम समजून घे. ईदच्या चांदाले दोन मर्दायची साक्ष लागते, नाहीतर एक मर्द अन् दोन बायायची. म्हणजे आमच्या माडीवर बरोबर जेवढी पाहिजे तेवढी साक्ष उभी होती! सूर्य बुडाला, आभाळ लाल झालं, अन् घनश्याम, मले दिसला! मागच्या चिंचेच्या शेंड्याशी, उजव्या अंगाले, केसाएवढा बारीक, पांढरा, जराक वाकडा. माह्या डोळ्यात पाणी आलं. पाच महिन्यांचा क्ष सापडला ना रे! मी ओरडलो, दिसला, दिसला, तो पहा! खैरुनबीनं पाह्यलं, सासूबाईनं पाह्यलं, अन् दोघी म्हणाल्या, तिथं तर काही नाही. मी म्हटलं, बरं, तुमची मर्जी, अन् एकटाच जिना उतरून मशिदीत पळालो.

मौलवीसाहेब भला माणूस. रागावले नाहीत. माहं सारं ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला अन् एवढंच विचारलं, "मोहिउद्दीन मियाँ, तुमने चांद देखा, या हिसाब देखा?" सारी मशीद हसली. अय्यूब सर्वांत जास्त. छतावर पन्नास माणसं उभी होती, त्यातल्या एकालेही दिसला नव्हता. साक्ष नामंजूर. वरून हुकूम असा की ज्याची साक्ष मानली गेली नाही त्यानंही साऱ्यायसंगं रोजा ठेवावा. आता माहे हाल पहा. माह्या गणितानं शनिवारी ईद, अन् ईदेच्या दिवशी रोजा हराम. मौलवीसाहेबायच्या हुकुमानं तोच रोजा फर्ज. मी दिवसभर दुकानात कोरड्या तोंडानं बसलो, अन् भिंतीवरची सतरा घड्याळं माह्यावर टिकटिक करून राह्यली. सांजच्याले चांद निघाला तो हा एवढा मोठा! लोक म्हणाले, वा, काय भरला चांद आहे! तो काहून भरला, हे एकानंही विचारलं नाही. अय्यूब तेवढा जवळ येऊन म्हणाला, भाई, आज तरी दिसला ना?

आता खरं सांगू? लोक हसले त्याचं दुःख नाही. माहाच माह्यावर भरोसा राह्यला नाही. मी चांद पाह्यला, की आठ दिवस बोलून बोलून तो माह्या डोळ्यात बसला होता? मी तर कुराणावर हात ठेवून बोलायले तयार होतो रे. तवापासून दुकानात कोणी वेळ विचारली की मी दोनदा पाहून सांगतो. तिन्ही पुस्तकं फडक्यात बांधली आहेत, एसटीनं पाठवतो. सोबतचा हिशेब तू एकदा तपास, अन् चुकला असन तर कृपा करून लवकर कळव. चूक निघाली तर मले बरं वाटन.

तुहा
मोहिउद्दीन

ता. क. – हे पत्र मी आता खैरुनबीले वाचून दाखवलं. साक्षीपाशी आलो तशी ती पदर तोंडाले लावून हसायले लागली, अन् मग रडायलेही. म्हणते, मी चांद पाह्यला होता. मायनंही पाह्यला होता! तुम्ही बोट दाखवलं तिथं काही नव्हतं, म्हणून नाही म्हटलं. पण चिंचेच्या डाव्या अंगाले, जराक खाली, चांगला दिसून राह्यला होता. मग सांगितलं काहून नाही? तर म्हणे, तुम्ही थांबले कुठं, जिनाच उतरून गेले. अन् मशिदीवर पन्नास माणसं आहेत, कोणाले ना कोणाले दिसनच, असं वाटलं. अन् मलिकाच्या ईदेच्या फ्राकाच्या बाह्या अय्यूबकडे शिवायच्या राह्यल्या होत्या, एक दिवस जास्त मिळाला तर बरंच होतं. (तवापासून मनातल्या मनात तौबा करून राह्यली. तू कोणापाशी बोलू नको.) मी तसाच माडीवर गेलो. चिंचेच्या उजव्या अंगाले संक्रांतीच्या पतंगाची शेपटी अडकली आहे. पांढरी. जराक वाकडी. म्हणजे गणित खरं, चांद खरा, अन् साक्ष तेवढी खोटी! मौलवीसाहेबायनं माहं ऐकलं असतं तर साऱ्या पुसदची ईद मी पतंगावर केली असती.

ता. क. २ – पुस्तकं पाठवत नाही. खैरुनबीनं गाठोडं सोडलं. म्हणते, हिशेब तुम्ही करा, पाहायचं काम मी करन.

ता. क. ३ – ज्यासाठी पत्र लिहिलं ते आता लिहितो. वीस हात दूरची शेपटी मले चांद दिसली. काल मलिका रस्त्यानं येत होती, तिले मी दारात येईपर्यंत ओळखलं नाही. पुढच्या सोमवारी मी अमरावतीले येतो, डोळ्याच्या चांगल्या डॉक्टरकडे नंबर लावून ठेव. पण नंबर तुह्या नावानं लाव, घनश्याम. तिथं पुसदचे लोक येत-जात असतात, अन् घड्याळजीचे डोळे गेले हे ऐकल्यावर माह्या दुकानाशी काटे लावायले कोण येईन?