व्हर्जिलकाकांच्या घशातला तुकडा

लेक्सिंग्टन, केंटकी

तीर्थरूप ओपलमावशीस,
रोवीनाचा मान खाली घालून नमस्कार.

पत्रात आधी घरच्यांची प्रकृती विचारतात, पण व्हर्जिलकाकांच्या प्रकृतीला मीच कारण, तेव्हा कोणत्या तोंडाने विचारू? घसा बरा आहे ना? (त्यांचा. माझ्यावर ओरडून तुझाही बसला असेल, तर तोही.)

रविवारी चर्चच्या जेवणात जे झालं, त्याची मला इतकी लाज वाटते की आरशासमोर उभं राहवत नाही. मावशी, हॉस्पिटल सोडून नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागल्यापासून मला एक खोड लागली आहे. उत्तर आपण द्यायचं नाही, मुलींकडून काढून घ्यायचं. काकांच्या घशात मक्याच्या पावाचा तुकडा अडकला तेव्हा मी त्यांच्या शेजारीच होते. हात पुढे जायचा तो तोंडच पुढे गेलं. समोर माझ्या दोन विद्यार्थिनी जेवत होत्या. "मुलींनो, आधी काय बघायचं?" "पेशंटला बोलता येतंय का, मॅडम." "छान! का बरं?" काका जांभळे पडताहेत आणि मी कारणं विचारतेय! तू किंचाळलीस, "अगं भवाने, वर्ग कसला घेतेस, नवरा चाललाय माझा!" शेवटी काकांनाच असा संताप आला की मला शिवी द्यायच्या भरात तुकडा उडाला आणि पाद्रीबाबांच्या टायवर जाऊन बसला. (शिवीही त्यांनाच लागली.) टाय मी धुऊन देईन.

तुझी,
नर्स म्हणवून घ्यायला लाजणारी,
रोवीना

ता. क. आता खरं काम. सांगायला तोंड नाही, तरी सांगते. नर्सची शिक्षिका झालेल्यांचं शिक्षणाचं कर्ज सरकार फेडतं, पण लहानपणी घरची गरिबी असेल तरच. ज्याने वाढवलं त्याने तसं लिहून सही करायची, आणि मला वाढवलंस तू. नाहीतर मला शिकवणं सोडून पुन्हा हॉस्पिटलची रात्रपाळी धरावी लागेल. "आम्हाला कधी काही कमी नव्हतं" असं तू गावभर सांगतेस, ठाऊक आहे. तरी लिहिशील?

ता. ता. क. नसेल लिहवत तर राहू दे. पण गरिबांना फुकट मिळणारं सरकारी मदतीचं चीज तू विकतचं वाटावं म्हणून दुकानाच्या कागदात बांधून द्यायचीस, ते मला तेव्हाच कळलं होतं. कागदावर 'ताजी कोळंबी' छापलेलं असायचं. आपल्या डोंगरात कोळंबी कुठली? बोलले नाही, कारण घड्या तू फार नीट घालायचीस.