स्टेजवरचा सांबार

नालवाडी, वर्धा
रविवार (दुकान बंद)

आदरणीय जवाईबापू अण्णाजींना चंद्रभानचा मनापासून नमस्कार,

पुण्यात तुमचा रक्तदाब ताब्यात असेल आणि आमच्या ज्योत्स्नाताईचा तुमच्यावरचा ताबाही शाबूत असेल, असे धरून चालतो. इकडे सगळे ठीक आहे, म्हणजे आचलचे लग्न मोडायच्या बेतात आहे, बाकी ठीक. फोनच करणार होतो, पण फोनवर बोललेल्या शब्दाचे पुण्याला पोचेपर्यंत काय होते ते नुकतेच पाहिले, म्हणून कागदावर लिहितो आहे.

सुरुवात फुलांपासून झाली. पोरीला स्टेजवर पांढरी फुले आणि भरपूर हिरवा पाला हवा. डेकोरेशनवाल्याने मोबाइलवर जी फुले दाखवली त्यांची नावे औषधांसारखी होती (त्यातले एक मी बहुतेक ॲसिडिटीसाठी घेतलेले आहे). ती विमानाने येणार होती. नवरदेव रेल्वेने येणार आणि फुले विमानाने, हे मला पटेना. शेवटी तो निशिगंध आणि शेवंतीवर उतरला, पण पाल्याचे पैसे वेगळे म्हणाला. पाल्याचे पैसे, अण्णाजी. केळझरला ज्याचे शेत आहे त्याने पाला विकत घ्यायचा. शेतात सांबार नुसता माजला आहे (आपला सांबार हो, तुमच्या पुण्यात ज्याला कोथिंबीर म्हणतात तो) आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. तेव्हा ठरवले की स्टेजची मागची बाजू सांबाराने भरून काढायची. आचलची आई म्हणाली, नवरानवरी भाजीत बसल्यासारखे दिसतील. मी लक्ष दिले नाही.

इथवर माझी काही चूक नव्हती. मग विहीणबाईंचा, म्हणजे सुलोचनाबाईंचा, पुण्याहून फोन आला. बाई स्वभावाने चांगल्या. मोकाट कुत्र्यामांजरांसाठी संस्था चालवतात, घरात अंडेसुद्धा येऊ देत नाहीत. त्यांच्याशी डेकोरेशनचा विषय काढायचा नाही, अशी आचलने मला ताकीद दिलेली आहे. पण त्यांनीच विचारले, आणि विहिणीने विचारल्यावर गप्प बसणे बरे दिसत नाही. मी म्हणालो, "काही टेन्शन नका घेऊ जी. स्टेजवर फुलं कमी न् सांबारच जास्त राहीन. बोरच्या जंगलाले लागून आपलं वावर हाये, घरचाच सांबार. लग्नाच्या सकाळी कापतो न् ओल्या पोत्यात गुंडाळून आणतो. पाणी मारत राह्यलं का संध्याकाळपर्यंत मान नाई टाकत. आन् उरला तर पंगतीले कामात येते."

तिकडून "अगं बाई!" एवढेच ऐकू आले. मला वाटले, बाई भारावल्या. म्हणून कोवळाच कापू, जून झालेला घेणार नाही, असेही वर सांगितले.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांचा फोन. लग्न तूर्त थांबवा म्हणाले. मी जंगलातले सांबर मारून स्टेजवर टांगणार आहे, असा बाईंचा समज झाला होता. तो सांबार नव्हे, आपण खातो तो सांबार, असे मी परोपरीने सांगितले. "तुम्ही खाता?" असा बाईंचा आवाज मागून आला. व्याह्यांना वाटले मी इडलीबरोबरच्या सांबाराबद्दल बोलतो आहे. ते स्टेजवरून शेरवानीवर गळेल का, हे त्यांनी विचारून घेतले. आणि या गडबडीत मला कोथिंबीर हा शब्द काही आठवेना. आठवणार कसा, जन्मात तोंडातून काढलेला नाही. फोन ठेवल्यावर आठवला, तर आता तिकडून कोणी उचलत नाही.

अण्णाजी, हसू नका. मला ती माणसे पसंत आहेत, पोरगी त्या घरात सुखात राहील अशी खात्री आहे, आणि फुलांचे चार पैसे वाचवायला जाऊन मीच तिचे सुख घालवून बसलो, या विचाराने घास उतरत नाही. तुम्ही एक जुडी घेऊन त्यांच्या घरी जा, बाईंच्या हातात द्या आणि सांगा की हाच तो सांबार. आचलला यातले काही कळू देऊ नका.

घरातल्या सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुमचा काळजीत पडलेला साळा,
चंद्रभान

ता. क. : पत्र टाकायला निघालो आणि आचलचा फोन आला. नवरदेवाकडून तिला सगळे कळले होते. तिने सासूबाईंना एकच शब्द सांगितला आणि प्रकरण मिटले (मला मात्र पुष्कळ शब्द सांगितले). विहीणबाई आता इतक्या खूश आहेत की स्टेज सांबाराचेच हवे म्हणतात, संस्थेतल्या मैत्रिणींनाही ते दाखवायला आणणार आहेत. तेव्हा जुडी नेऊ नका.

आणखी एक ता. क. : पाकीट पुन्हा उघडले. आज सोमवारी सकाळी शेतावर गेलो, तर सांबाराचा एक वाफा शिल्लक नाही, चहूकडे खुरांचे ठसे. वनरक्षक येऊन पाहून गेला. म्हणाला, "हे सांबरच होय." तेव्हा लग्नाला निघताना पुण्याच्या मार्केटमधून गाडीभर कोथिंबीर घेऊन या आणि पाणी मारत राहा. घरच्या सांबाराचे काय झाले, ते विहीणबाईंना तुम्हीच तुमच्या पुणेरी भाषेत सांगा. माझ्या तोंडून फोनवर 'सांबराने सांबार खाल्ला' एवढे जरी गेले, तरी वऱ्हाड काही पुण्याहून निघत नाही.