गडद निळा, साधा

३ मार्च. कंपनीच्या ऑनलाइन दुकानातल्या कपड्यांच्या फोटोंना वर्णनं लिहिण्याचं काम आजपासून माझ्याकडे. ज्यांना दिसत नाही, त्यांना फोन ती वाचून दाखवतो. मोठी बहीण अंध, म्हणून साहेबांनी मलाच निवडलं. योग्यच. फोटो चौदाशे. संकल्प: रोज सत्तर.

७ मार्च. झाली अकरा. एका टोपीवर दोन तास गेले, पण टोपीलाही आता आपण कोण ते कळेल.

२० मार्च. साहेबांना सगळं उद्याच हवंय. उरलेल्या सर्वांना एकच वर्णन पेस्ट केलं: ‘गडद निळा, साधा, सर्वांना शोभणारा.’ तात्पुरतं. सोमवारपासून एकेक दुरुस्त.

२ एप्रिल. दुरुस्ती सुरू व्हायची आहे. ताईचा फोन. बँकेत तीस वर्षं टेलिफोन जोडून आता निवृत्त होतेय. म्हणाली, समारंभासाठी तुमच्याकडून कोट घेतला, कुणालाही न विचारता. गडद निळा, साधा. वर्णनं तूच लिहितोस का रे? म्हटलं, टीम आहे आमची.

५ एप्रिल. कोट पाहिला. पोपटी. वर पिवळी फुलं, बशीएवढी. ताईने विचारलं, कसा दिसतोय? म्हटलं, खुलून दिसतोय. यात एक अक्षर असत्य नाही. शिवाय वर्ण, म्हणजे रंग, हा आगंतुक गुणधर्म, कोटपणा अबाधित. बायको म्हणाली, समारंभ परवा आहे, आजच सांगा. उद्या नक्की.

६ एप्रिल. सांगायला गेलो. कोट इस्त्री करून खुंटीला. चहा पिऊन परत आलो.

७ एप्रिल. समारंभ. सगळे काळ्या-राखाडीत. ताई भाषणात म्हणाली, आयुष्यभर दुसऱ्यांनी निवडलेलं घातलं, हा साधा निळा कोट मात्र माझा. मी बुटांच्या नाड्या बांधल्या. दोनदा.

९ एप्रिल. शेजारीणबाईंनी ताईला कोटाचा खरा रंग सांगितला. तिची तक्रार माझ्याच टेबलावर: ‘वर्णन खोटं आहे. मला रंग दिसत नाही, पण लोकांना मी दिसते.’ तीन वेळा वाचली. उत्तर धाडलं: ‘अनवधानाने घडलेल्या प्रमादाबद्दल क्षमाप्रार्थी, वर्णन विभाग.’ नाव घातलं नाही. व्यक्ती गौण.

१० एप्रिल. ताईचा फोन. म्हणाली, उत्तर आलं. ‘प्रमाद’ म्हणणारे किती जण आहेत रे तुमच्या टीममध्ये? म्हटलं, विचारून सांगतो. म्हणाली, विचार, मी फोन धरते.

टीम खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधू लागली.