वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या

भास्करेट्टा,

'कॉम्रेड' लिहायला हात धजेना, म्हणून 'एट्टा', दादा, या जुन्याच हाकेनं बोलावतेय.

काल कण्णूरला तुमच्या आत्मचरित्राचं प्रकाशन झालं. 'विड्या वळून वळून माझी बोटं फुटली' हे पान तुम्ही गहिवरून वाचलंत. लोकांनी डोळे पुसले. मी नाही पुसले. आपल्या विडीच्या शेडमध्ये तुम्ही पेपर मोठ्यानं वाचायचात आणि आम्ही वळायचो. वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या, ही रीतच होती. त्यात लाज कसली? तेवढं खरं लिहिलं असतंत, तर मीही अभिमानानं बसले असते.

मग फोटोवाल्यांना हुक्की आली, की आमदारांनी, म्हणजे तुम्ही, एक विडी वळून दाखवावी. शेडमधली जुनी बाई म्हणून मला शेजारी बसवलं. तुम्ही विडीचं पान उलटं धरलंत, तंबाखू नेसत्या पांढऱ्या मुंडूवर सांडलीत आणि हसऱ्या चेहऱ्यानंच पुटपुटलात, "चीरू, सांभाळून घे गं."

आणि मी घेतलं. सुपाच्या आड विडी वळली, दोरा बांधला, तुमच्या बोटांत सरकवली. तुम्ही ती उंच धरलीत. टाळ्या पडल्या.

तुमची किळस आली, ते ठीक. पण घरी येऊन मी तीनदा हात धुतले. चाळीस वर्षं विड्या वळल्या, असे कधी धुतले नव्हते.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही ते एखाद्या सभेत तुमच्या त्या आवाजात वाचाल, आणि लोक पुन्हा डोळे पुसतील.

तुमच्या वाट्याची शेवटची विडी वळलेली,
चीरू