कोऱ्या पानांसकट पाटी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो की सरळ व्हायला हल्ली वेळ लागतो, तेवढ्यात तुझा आशीर्वाद देऊन होईल.) भावोजींनाही नमस्कार. त्यांचा गुडघा काय म्हणतो? आम्ही सगळे ठणठणीत आहोत. पत्राचा गठ्ठा बघून घाबरू नकोस, मजकूर नेहमीएवढाच आहे. पार्सलांवर पत्ते घालायचं जाड पेन हाताला लागलं, म्हणून अक्षरं ही एवढाली आली आहेत आणि कागदावर जेमतेम आठ ओळी मावताहेत. पत्र लिहिताय की दुकानाचा बोर्ड रंगवताय, असं हिने विचारून झालंय. मी लिहितोच आहे.

तर बातमी अशी, की वाढदिवसाला सूनबाईने मला ई-रीडर आणला. वहीएवढी काळी पाटी, आणि तिच्या पोटात म्हणे हजार पुस्तकं मावतात. चाळीस वर्षं पुस्तकं बांधून पोट भरणाऱ्याला ही भेट म्हणजे शिंप्याच्या घरी बिनशिवणीचा सदरा! पण सून हौसेने घेऊन आली होती, मी तोंडभर कौतुक केलं. खरी मेख वेगळीच होती. यामागे तुझी भावजय आहे. आमच्या घरी पुस्तकांनी कपाटं भरली, मग खिडक्या भरल्या, आणि गेल्या वर्षी ती पलंगावर आली. सध्या एका कडेला मी, मधे कादंबऱ्या आणि पलीकडच्या कडेला ही, असं आम्ही झोपतो. कुशीवर वळली की हिच्या पाठीत पुठ्ठ्याचा कोपरा रुततो. (माझ्याही रुततो, पण मी बोलत नाही.) शेवटी हिने निर्वाणीचं सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत काय ते ठरवा, पाटी आवडली तर पुस्तकं वाचनालयात जातील, नाही आवडली तर पुस्तकांसकट तुम्ही दुकानात झोपायला जा.

आता तू म्हणशील, यात एवढा विचार कसला? ताई, विचार कोऱ्या पानांचा होता. आपली रीत मी कोणाला समजावून सांगणार? पुस्तक आणायचं, उसवायचं, शेवटी सोळा कोरी पानं घालून मी ते पुन्हा शिवायचं, वाचून त्या पानांवर काळ्या पेन्सिलने लिहायचं आणि तुला पाठवायचं. तू निळ्या पेन्सिलने माझी खरडपट्टी काढायचीस आणि परत धाडायचीस. पडत्या पावसात नायक घरी येतो आणि त्याच्या चपला कुठेच ओल्या होत नाहीत, यावर तू साडेचार पानं लिहिली होतीस! आणि ही उलटी रांग, म्हणजे आधी मी आणि मग तू, का लागली तेही विसरू नकोस. मी बारा वर्षांचा असताना तू रहस्यकथा आधी वाचलीस आणि पहिल्याच पानावर निळ्या पेन्सिलने लिहून ठेवलंस, ‘डॉक्टरने मारलं.’ त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

पण गेली तीन पुस्तकं तुझ्याकडून परत आली ती कोरी पानं कोरीच घेऊन. फक्त कुठेतरी एक ओळ, ‘वाचलं. छान.’ छान? ज्या बाईने उभ्या आयुष्यात एकाही लेखकाला सुखाने जगू दिलं नाही, तिने छान म्हणावं? मी धरून चाललो, की तू रुसलीस. त्या आधीच्या कादंबरीत एक बडबडी आत्या होती आणि तिच्यापुढे मी कंसात ‘ताई’ असं लिहिलं होतं, ते लागलं असेल. म्हटलं, भांडायला ताईच नसेल तर पुस्तकं तरी कोणासाठी उसवायची? पाटी तर पाटी. अशा उद्विग्न मनाने मी ती हातात घेतली.

पहिल्याच पानावर नाकीनऊ आले, आणि ते अगदी शब्दशः. पान उलटायला काचेवर बोट टेकवायचं असतं. मी टेकवलं. पान ढिम्म. खळ आणि दाभण यांनी माझी तर्जनी इतकी निबर झाली आहे, की तिला माणसाचं बोट मानायला ती पाटी तयारच नव्हती. दोन-तीनदा जिभेला लावूनही पाहिलं. शेवटी नाकाचा शेंडा टेकवला आणि काय सांगू, झपकन पान उलटलं! अशी चौदा पानं वाचून झाल्यावर ही चहा घेऊन आली. नवरा पाटीला नाक घासतोय हे बघून तिने कप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, अहो, आणखी नऊ बोटं आहेत ना तुम्हाला! आहेत. पण पान उलटायचं ते याच बोटाने, ही सवय आहे. करंगळीवर यायला मला आठवडा लागला.

मग आली धंद्याची खोड. उघडंबोडकं पुस्तक मला बघवत नाही हे तुला ठाऊक आहे. मी पाटीला बांधणी घातली. जाड पुठ्ठा, गडद निळं कापड, चारी कडा खळीने घट्ट बसवलेल्या. शिकंज्यात घालून दाबणारही होतो, पण हिने दुकानात येऊन हातातून काढून घेतली. (या एका बाबतीत तिचे उपकार मानायला हवेत.) बांधणी झाली मात्र देखणी! येणाराजाणारा बघून मान डोलवायचा. चार दिवस वाचलं. पाचव्या दिवशी इन्स्पेक्टरने सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात जमवलं, घसा खाकरला, आणि पाटी विझली. आधी दोन दिवस कोपऱ्यात बॅटरीचं चित्र येत होतं, ती मला नक्षी वाटली होती. बरं, वायर लावावी तर लावणार कुठे? ते भोक माझ्याच कापडाखाली गेलेलं! स्वतःच्या हाताने घातलेली बांधणी स्वतःच्या सुरीने फाडताना जीव तिळतिळ तुटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाटी पुन्हा उजळली, तर दिवाणखाना आहे तिथेच. मी सावरून बसलो आणि नवं पुस्तक उघडल्यावर करतो तसं दोन्ही अंगठ्यांनी मधून बाहेर पान सपाट केलं. झालं! अक्षरं एकदम फुगली. पुन्हा सपाट केलं, आणखी फुगली. शेवटी एका पानावर सातच शब्द उरले. सूनबाई कामावर गेलेली, लहान कशी करायची ते मला ठाऊक नाही. मग उरलेलं पुस्तक तसंच वाचलं. इन्स्पेक्टरला एक वाक्य बोलायला तीन पानं लागत होती. पण ताई, गंमत म्हणजे पुस्तक संपलं तेव्हा डोकं दुखत नव्हतं, आणि चष्मा होता टेबलावर. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तर निर्णय असा. मी छापील पुस्तक सोडत नाही. वास, वजन वगैरे लोक जे बोलतात ते मला लागू नाही, पुस्तकाला वास खळीचा येतो आणि तो मला जन्मभर पुरलाय. पण शिवलेलं पुस्तक फाडावं लागत नाही, हा मुद्दा मला पटला. पलंगावरच्या कादंबऱ्या दुकानात हलवल्या. हिला मधली जागा मिळाली, मला शांतता मिळाली. झोपही बरी लागते. एकूण चांगलं चाललंय. घरात सगळ्यांना माझा नमस्कार-आशीर्वाद ज्याला जो लागू असेल तो सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. १: सोबतच्या खोक्यात ती पाटी आहे. मी ती सोडली, ती तुझ्यासाठी. अक्षरं फुगली त्या दिवशी मी तुझी ती तीन पुस्तकं काढून बसलो. एकूण एक बारीक टायपातली. आणि तिसऱ्यात ‘छान’ तू पुस्तक उलटं धरून लिहिलंयस, ताई. मग आठवलं, मागच्या खेपेला आमच्याकडून परत जाताना तिकिटावरचा सीट नंबर तू हिला वाचायला लावलास, चष्मा नाकावर असताना. मला का नाही सांगितलंस? मी इकडे रुसवा धरून बसलो, आणि तू न वाचता येणाऱ्या पुस्तकांना छान म्हणत राहिलीस. फार वाईट वाटलं. तुला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला मी पुढच्या आठवड्यात येतोय. नाही म्हणायचं नाही.

ता. क. २: सूनबाईला सगळं सांगितलंय. तिनेच आत बारा पुस्तकं भरून अक्षर सर्वांत मोठं करून दिलंय. बांधणी नवी घातली आहे, या वेळी वायरीची जागा मोकळी ठेवून. डावीकडे मोठी चोवीस कोरी पानं शिवलीत आणि पाठीला जाड निळी पेन्सिल अडकवली आहे. मला उत्तर हवंय. ‘छान’ असं लिहून आलं तर न वाचता परत पाठवीन.

ता. क. ३: सुरुवात त्या इन्स्पेक्टरवाल्या पुस्तकापासून कर. खून कोणी केला ते पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलंय. चांगलं मोठ्या अक्षरात.