डावीकडची तिसरी सीट

४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारची सुट्टी

सात-दहाची कागल बस आजही आली नाही. याला दुजोरा माझाच. सव्वासातला स्टॉपवर मी एकटाच उरलो होतो, दुसरा साक्षीदार नाही. बाकीचे गेले. सात-बाराला एक बस आली होती तिच्यातून. पण तिला बस आली असं म्हणता येणार नाही. डावीकडची तिसरी सीट भरलेली होती.

राजारामपुरीच्या स्टॉपवर मी अकरा वर्षं उभा आहे. पद्धत ठरलेली. बस थांबली की खिडकीतून तिसऱ्या सीटवर रुमाल टाकायचा. खिडकीशी मी, शेजारी कंपनीतला बाळाप्पा. तो उजळाईवाडीला चढतो, तोवर उभं राहायलाही जागा नसते. जी बस दोन माणसांची सीट देऊ शकत नाही, तिचा भरवसा काय धरायचा?

कंपनीत चाळीस मिनिटं लेट. एचआरच्या ऋतुराज साहेबांना (वय सत्तावीस) बसचं सांगितलं. म्हणाले, काका, आपले तिघं त्याच बसनं वेळेत आलेत. म्हटलं, नशीब त्यांचं.

संकल्प: उद्यापासून सहा-चाळीसलाच स्टॉपवर.

५ नोव्हेंबर, बुधवार. रात्री जेवणाआधी

सहा-चाळीसला हजर. पाच बस सोडल्या. व्यवस्था पार कोलमडली आहे.

शिवलीलाला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. म्हणाली, अहो, बाळाप्पा भावजींना जाऊन पाच महिने होत आले. म्हटलं, विषय बसचा चाललाय. तिनं रुमाल धुवायला मागितला. दिला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डेपोत तक्रार अर्ज दिला. तीन पानी. एक प्रत सात-दहाच्या कंडक्टरला, तेजस्वीला, स्टॉपवरच दिली. मुलगी फटकळ. पायरीवर उभ्या उभ्या वाचला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, काका, रोज हात करून गाडी थांबवतायसा, खिडकीतनं आत बघतायसा आन् जाऊ दे म्हणतायसा. लेट मी हाय का तुम्ही? ड्रायव्हर भ्यालाय तुमाला. परवा इचारत हुता, ह्ये पावणं जित्तं हायत न्हवं?

कर्मचाऱ्यांची भाषा हा तक्रारीचा नवीन मुद्दा. पुरवणी अर्ज द्यायचा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डेपोचं उत्तर आलं. चोवीस दिवसांपैकी बावीस दिवस बस वेळेत. म्हणजे दोन दिवस लेट, हे त्यांनी लेखी कबूल केलं. माझं म्हणणं सिद्ध.

कागद ऋतुराज साहेबांना दाखवला. त्यांनी मला मेमो दाखवला. तिसरा. शनिवारपर्यंत आणखी एक लेट मार्क लागला तर नोकरी गेली. रिटायरमेंटला एकोणीस महिने आहेत.

निर्णय: बस कायमची बंद. यापुढे वडापची जीप. ती भरली की सुटते, टाइमटेबलचा प्रश्नच नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जीपमध्ये चौदा माणसं. उजळाईवाडीला कोणीतरी ओरडलं, थांबवा. मीच होतो. ड्रायव्हर म्हणाला, कोन यायचं हाय? म्हटलं, येईल. सात मिनिटं थांबला. मग मागच्या एकानं माझ्या आईवडिलांचा उद्धार केला आणि मला उतरवलं. म्हणाले, बसा तुमच्या पावण्याची वाट बघत.

दुसऱ्या जीपच्या मागं लटकून गेलो. गेटवर आठला एक मिनिट कमी. ऋतुराज साहेब घड्याळ बघत होते. जरा निराश वाटले.

वडापही भरवशाचं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारची सुट्टी

आज रिक्षा केली. एकटाच होतो. तरी एका कडेला सरकून बसलो.

पुरवणी अर्जाला घटनाक्रम लागेल, म्हणून नोंदवून ठेवतो.

१० जून. बाळाप्पा म्हणाला, ह्या बसचं काय खरं न्हाई बघ मृत्युंजया. दिवाळीला स्कूटर घेतो. तू माझ्या मागं बस. मला ते ‘मागं बस’ लागलं. अकरा वर्षं सीट मी धरली होती.

११ जून. रुमाल खिशातच ठेवला. शेजारी कोणीतरी बसलं. उजळाईवाडीला बाळाप्पा चढला, सीटकडे बघितलं. कागलपर्यंत उभा. माझ्या मानेमागच्या दांडीवर त्याचा हात. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. अकरा वाजता तो मशीनशेजारी स्टुलावर बसला, तो उठला नाही.

उभं राहण्याचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं.

तो उभा राहिला कारण बस भरलेली होती. म्हणजे जबाबदारी वाहतूक व्यवस्थेची. पण भरलेल्या बसमध्ये पाय ठेवला की मानेमागं हात येतो. हे अर्जात कोणत्या रकान्यात लिहायचं, कळत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. स. ७.५५

रोज रिक्षा परवडत नाही, म्हणून पुन्हा स्टॉपवर. सात-दहाची सात-दहालाच आली. तिसऱ्या सीटवर तेजस्वीनं आपली चामडी पिशवी ठेवली होती. म्हणाली, चढा काका, दोन्ही जागा तुमच्याच, पण आज गाडी सोडू नका. चढलो. रुमाल टाकला. मानेमागं काही नव्हतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा बसनं वेळेत पोचणार होतो.

उजळाईवाडीला बस थांबली ती थांबलीच. इंजिनातून धूर. बाकीचे सगळे उतरले. एक जीप आली, तिच्यात शेवटची एक जागा होती. तेजस्वी ओरडली, पळा की काका, आठ वाजतील! म्हटलं, तो ड्रायव्हर मला ओळखतो.

ऋतुराज साहेबांना फोन केला. साहेब, बस बंद पडली. पलीकडून हसल्याचा आवाज आला. म्हटलं, साक्षीदार आहे, कंडक्टरशी बोला. म्हणाले, सोमवारी आयकार्ड जमा करा काका.

दुसरी बस पंधरा मिनिटांत येईल. दुजोरा तेजस्वीचा. ती खाली सावलीत उभी आहे. आत मी एकटाच. दार उघडं आहे. शेजारी रुमाल आहे.

बाळाप्पा सात-पंचवीसला चढतो. आज त्यालाच उशीर होतोय. येईल. बस थांबलेली आहे.